बुलबुलाच्या पिल्लांसाठी कावळा पकडायचा का? जाणून घ्या कायदा काय सांगतो

शेवगावात अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले की कावळा टपलेलाच असतो. मग त्याला सापळ्यात पकडायचे का?

कायदा काय?
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये कावळा ‘उपद्रवी’ यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादीच रद्द झाली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुनी सूट संपली. कायद्याच्या व्याख्येत सापळा लावणे हीही ‘शिकार’च.

पकडून फायदा होतो?
ब्रिटनमध्ये कावळे आणि मॅगपाय पकडायला ‘लार्सन’ सापळा वापरतात. पण इंग्लंडमधल्या २०१० च्या अभ्यासात बहुतेक छोट्या पक्ष्यांची घट शिकारी पक्ष्यांमुळे झाल्याचे दिसले नाही.

मग काय करायचे?
• खरकटे उघड्यावर टाकू नका, कावळे त्यासाठीच जमतात.
• विणीच्या काळात झुडपे छाटू नका.
• फोटोसाठी घरट्यावरची पाने बाजूला करू नका.
• करवंद, लिंबू अशी दाट, काटेरी झाडे लावा.

घरटे मोडले तरी बुलबुल बहुधा पुन्हा बांधतो. कोकिळेचे तसे नाही. ती अंडी घालते कावळ्याच्याच घरट्यात. कावळा पकडला, तर तिची पिल्ले कोण वाढवणार?