अरब स्ट्रीटवर अरब किती?
सिंगापूरच्या कापडपेठेतील गल्ल्यांची नावे कशी पडली

कापडाच्या धंद्यात पत्त्याला फार किंमत असते. बिल, बिल्टी, हुंडी सगळे पत्त्यावर चालते, आणि गल्लीच्या नावावरून माल कुठला असेल याचा अंदाज व्यापारी आधीच बांधून ठेवतो. मीही तसाच अंदाज बांधून पहिल्यांदा सिंगापूरच्या अरब स्ट्रीटवर गेलो. वाटले होते, दुकानदार अरब असतील, सलामनंतर चार शब्द अरबीत बोलावे लागतील. पण पहिल्या तिन्ही दुकानांचे मालक आपल्याच मुलुखातून गेलेल्यांचे वंशज निघाले आणि निम्मा सौदा हिंदुस्थानीत झाला. मग नाव अरब का? तेव्हापासून या नावांचा शोध घेण्याचा नाद लागला.

सिंगापूर हे लहानसे बेट. १८१९ च्या फेब्रुवारीत रॅफल्सने सुलतान हुसेन शाह आणि तेमेंगॉंग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून इंग्रज कंपनीची वखार तेथे उघडली. १८२२ साली शहराचा आराखडा ठरला तेव्हा जमातवार जागा वाटल्या गेल्या. सुलतानाचा परिवार, बुगी दर्यावर्दी आणि अरब व्यापारी यांच्या वाट्याला कंपोंग ग्लाम आले. कंपोंग म्हणजे वाडी किंवा मोहल्ला. ग्लाम हे गेलाम नावाच्या झाडावरून आले. त्याची साल होड्यांच्या फळ्यांमधील सांधे बुजवायला वापरीत. म्हणजे मोहल्ल्याचे नावच धंद्यातून आलेले, आणि तेही कोणा साहेबाने दिलेले नव्हे.

अरब स्ट्रीटच्या नावामागे खरोखरीचे अरब होते. हे लोक मूळचे यमनमधील हद्रामौतचे. जावा-सुमात्रात व्यापार करता करता ते सिंगापूरला आले. पालेंबांगहून आलेले अल्जुनैद घराणे त्यांत अग्रेसर. याच घराण्यातील सय्यद उमर यांनी १८२० मध्ये नदीपलीकडे कंपोंग मलाका येथे मशीद बांधली. ती सिंगापूरची पहिली मशीद. अरब स्ट्रीटच्या भागात या व्यापाऱ्यांची मालमत्ता होती. पण जमिनीचा मालक एक आणि ओट्यावर बसणारा दुसरा, हे आपल्याकडेही नवीन नाही. तेथे राहणारे आणि विकणारे पुष्कळसे जावाचे होते. त्यामुळे चिनी लोक या रस्त्याला जावावाल्यांची गल्ली म्हणत. एकच गल्ली, सरकारदरबारी मालकाच्या नावाची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी दुकानदाराच्या नावाची! चिनी वस्तीचेही तसेच. तिला ते बैलगाडीचे पाणी म्हणतात, कारण एके काळी पाणी बैलगाडीने येई. मलायी भाषेतले क्रेता आयेर हे नावही त्याच अर्थाचे आहे.

खरी गंमत पुढच्या गल्ल्यांत आहे. अरब स्ट्रीटला लागूनच बगदाद स्ट्रीट, बुसोरा स्ट्रीट, मस्कत स्ट्रीट आणि कंदहार स्ट्रीट आहेत. बुसोरा म्हणजे आपला बसरा, इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगातला. ही यादी वाचून कोणालाही वाटेल की बगदाद-बसऱ्याचे सौदागर येथे पेढ्या घालून बसले असतील. तसे काही नव्हते. बुसोरा स्ट्रीटचे आधीचे नाव सुलतान रोड. जवळच दुसरी सुलतानाची सडक, जालान सुलतान. घोटाळा टाळण्यासाठी १९१० च्या सुमारास म्युनिसिपालिटीने नावे बदलली. मोहल्ला मुसलमानांचा, तेव्हा मुसलमानी शहरांची नावे बसवून दिली. हद्रामौतच्या लोकांच्या दारावर इराकची पाटी लागली. जवळच्या अलिवाल स्ट्रीटचे नाव तर पंजाबातले. १८४६ मध्ये इंग्रजांनी शिखांविरुद्ध जिंकलेल्या लढाईचे.

लोकांनी मात्र बुसोरा हे नाव फारसे तोंडी घेतले नाही. ते कंपोंग काजी म्हणत, म्हणजे हाजींचा मोहल्ला. आगबोटीच्या काळात जावा, सुमात्रा, मलाया येथील यात्रेकरू जिद्दाची बोट पकडायला सिंगापुरात येत. बोट मिळेपर्यंत मुक्काम याच घरांतून. तिकिटाची, राहण्याची व्यवस्था करणारे दलालही येथलेच. जाताना यात्रेकरू लुंगी, टोपी, जानमाज, पट्टा घेणार, म्हणजे कापडवाल्याची चांदी. शेजारची हाजी लेन त्याच दिवसांची आठवण. पुढे हजयात्री विमानाने जाऊ लागले, बोटी बंद झाल्या आणि मुक्कामाची घरे ओस पडली. कंपोंग काजी हे नाव कोणत्याही पाटीवर नव्हते, ते जुन्या लोकांबरोबर गेले. हाजी लेनची पाटी होती म्हणून ती राहिली. आज तेथे तरुणांच्या फॅशनची दुकाने आहेत आणि भिंतींवर चित्रे रंगवलेली आहेत.

सुलतान गेटचेही तेच. हा रस्ता सुलतानाच्या वाड्याच्या फाटकाकडे जातो. १९०४ च्या कायद्याने वंशजांना तेथे राहण्याचा हक्क होता, पण १९९९ मध्ये त्यांना वाडा सोडावा लागला. २००५ मध्ये तेथे मलायी वारसा केंद्र सुरू झाले. आणि बीच रोड? नावाप्रमाणे ती किनाऱ्याची सडक होती. भराव पडत गेले आणि समुद्र दूर गेला. तेथे समुद्र शोधणाऱ्यावर हसू नये. मुंबईत मस्जिद बंदरचे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असे समजणारे कितीतरी व्यापारी मी पाहिले आहेत. ती मस्जिद म्हणजे १७९६ मध्ये बांधलेले बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर.

१९८९ मध्ये कंपोंग ग्लाम संरक्षित भाग ठरले, त्यामुळे घरे टिकली. अरब स्ट्रीटवर बाटिक आणि रेशमाचे ताके आजही पाच फुटी ओट्यापर्यंत मांडलेले दिसतात. सुलतान मशिदीचा टपालाचा पत्ता मस्कत स्ट्रीट असा आहे. या रस्त्यावर २०१२ मध्ये ओमानच्या सहकार्याने कमानी उभ्या राहिल्या, भिंतींवर चित्रे आली. म्युनिसिपालिटीने कागदावर बसवलेल्या नावापोटी शंभर वर्षांनी मस्कतवाले खरोखरच त्या गल्लीत आले.