डिसेंबरातले स्कीइंग : आधी उंची, मग विमा, शेवटी तिकीट

मंडळी, नाताळच्या गर्दीआधी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आल्प्समध्ये हॉटेले तुलनेने स्वस्त असतात. आम्ही दोन कुटुंबे यंदा तोच बेत आखत आहोत. सॉफ्टवेअरवाल्याच्या सवयीने मी कामांचा क्रम लावला, तो ब्रिटनमधल्या आपल्या वाचकांसाठी देतो.

पहिली उंची. त्या दिवसांत खालच्या गावांत बर्फाची खात्री नसते. फ्रान्समधले व्हाल तोराँस हे गावच २३०० मीटरवर आहे. ऑस्ट्रियात हिंटरटुक्सची हिमनदी ३२५० मीटरपर्यंत जाते. अशा उंचीवर पहिला दिवस बेताने घ्यावा, पाणी भरपूर प्यावे. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, म्हणून मुलांनाही गॉगल व सनक्रीम हवेच.

दुसरा विमा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. पण त्यात स्कीइंग असेलच असे नाही! 'विंटर स्पोर्ट्स' हे शब्द पॉलिसीत शोधा. ब्रिटनच्या 'जीएचआयसी' कार्डात डोंगरावरून सुटका किंवा मायदेशी परत आणण्याचा खर्च येत नाही. मोडलेल्या पायासाठी हेलिकॉप्टर आले, तर बिल हजारो युरोंत जाऊ शकते.

शेवटी तिकीट. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो हाती पडेपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

सर्वांना सुखरूप सहलीच्या शुभेच्छा!