उर्दू अक्षर पडद्यावर लिहिताना रेघ भलतीकडून का निघते?

हल्ली उर्दू शाळांतले बरेच शिक्षक, आणि काही हौशी पालकही, पहिलीच्या मुलांसाठी छोटे ॲनिमेशन व्हिडिओ बनवतात. पडद्यावर अक्षर आपोआप लिहिलं जातं, मुलं खूश. पण असा एखादा व्हिडिओ नीट बघा. ‘बे’ची रेघ एका टोकाहून निघते, अक्षराच्या वरच्या कडेने जाते, वळून खालच्या कडेने परत येते आणि मग आत रंग भरतो. कलमाने असं कुणी लिहितं का? मूल मात्र पडद्यावर दिसेल तसंच पाटीवर गिरवतं.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. फॉन्टमधलं अक्षर म्हणजे एक बंद आकार असतो. त्याला फक्त कडा असतात, हाताची चाल त्यात कुठेच साठवलेली नसते. त्यामुळे अक्षराचा पाथ करून आउटलाइन उलगडायला सांगितली की सॉफ्टवेअर कुंपण फिरून येतं. हाताची चाल आपल्यालाच द्यावी लागते. अक्षराच्या मधोमध, कलम जाईल तशी एकच उघडी रेघ पेन टूलने काढायची.

आता ती रेघ हळूहळू दाखवायची कशी? युक्ती तुटक रेघेची आहे. समजा रेघेची लांबी 600 आहे. तिला 600 लांबीचा एकच तुकडा आणि तेवढीच मोकळी जागा द्या. मग तो तुकडा 600 ने मागे सरकवा. रेघेवर फक्त मोकळी जागा उरते, म्हणजे काहीच दिसत नाही. सरकवणं 600 वरून 0 वर आणलं की रेघ लिहिल्यासारखी पुढे येते. एसव्हीजीमध्ये यासाठी ‘स्ट्रोक डॅशअ‍ॅरे’ आणि ‘स्ट्रोक डॅशऑफसेट’ आहेत. लांबी मोजायची कटकट नको असेल तर ‘पाथलेंथ’ 100 लिहून टाका, पुढचा हिशेब शंभरात होतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये हेच काम ‘ट्रिम पाथ्स’ करतं, त्यातला ‘एंड’ 0 वरून 100 टक्क्यांवर न्यायचा. एक गंमत: रेघेचं टोक गोल ठेवलं तर काही ब्राउझरमध्ये लिहायच्या आधीच एक ठिपका दिसतो. उर्दूत हा फालतू नुक्ता महागात पडेल, म्हणून सुरुवात होईपर्यंत रेघ लपवूनच ठेवा.

रेघ कुठून सुटणार हे पहिला बिंदू कुठे ठेवला त्यावर ठरतं. सवयीने आपण डावीकडून काढतो आणि ‘बे’ उलटा लिहिला जातो. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतल्या ‘रिव्हर्स’ने दिशा बदलते. पण सगळंच उजवीकडून डावीकडे, असंही समजू नका. ‘जीम’चं डोकं डावीकडून उजवीकडे जातं आणि मगच खाली पोट वळतं.

नस्तालीकची जाड-बारीक रेघ हवी असेल तर मधली रेघ भरपूर जाड करून तिचा मास्क करा आणि खाली फॉन्टचं अक्षर ठेवा. रेघ पुढे सरकेल तसं अक्षर उघडतं. ‘ऐन’सारख्या वळणदार अक्षरात मात्र जाड मास्क शेजारचा भागही आधीच उघडा करतो. तिथे अक्षराचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळा मास्क द्यावा लागतो. काम वाढतं, पण ‘ऐन’ला दुसरा सोपा इलाज मला तरी दिसत नाही.

क्रमही महत्त्वाचा. मराठीत आधी अक्षर, मग शिरोरेघ. तसं इथे आधी धड आणि मग नुक्ते. ‘गाफ’च्या वरच्या दोन तिरप्या रेघाही शेवटी. या सगळ्यांचे पाथ वेगवेगळे ठेवा, एकात जोडू नका. आणि धड पूर्ण झाल्यावर लगेच नुक्ता टाकू नका. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर 12 फ्रेम थांबा, तेवढ्यात मुलाचा हात पाटीवरून उचलला जातो.