दिल्ली दूर, चांदा जवळ

शाळेसाठी लाल किल्ल्याचे चित्र रंगवता रंगवता आमच्या धाकटीने विचारले, "बाबा, आपल्या जिल्ह्यात राजा नव्हताच का?" आम्ही निरुत्तर झालो. दर ऑक्टोबरात सिंदेवाहीहून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारे आम्ही. परंतु ज्या वेशीखालून इतक्यांदा गेलो, तिच्याकडे मान वर करून कधी पाहिलेच नव्हते. म्हणून एक रविवार केवळ शहर पाहण्यासाठी काढला. सोबत मुलांची आई, दोन्ही मुले आणि ऐंशीच्या घरातल्या आत्याबाई.

मूलमार्गे चंद्रपूर सुमारे 75 किलोमीटर. रेल्वेनेही जाता येते. तिकडच्या स्टेशनाचे नावच 'चांदा फोर्ट' आहे. पोळ्या-चटणीचा डबा बांधून आम्ही एस.टी. धरली.

जटपुरा दरवाजापाशी मुलांना आधी दिसले ते दगडातले शिल्प : हत्तीवर मात करणारा सिंह. हे गोंड राजांचे राजचिन्ह. धाकटीला तिचा राजा सापडला! उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा, असे परकोटाला चार दरवाजे. शिवाय माणसाला ये-जा करण्यापुरत्या पाच खिडक्या : चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. लाल किल्ल्याच्या तटाचा घेर सुमारे अडीच किलोमीटर, तर या परकोटाचा सुमारे 11 किलोमीटर. तो बादशहाच्या महालांचा तट आणि हा सगळ्या नगराचा, हा फरक मुलांना समजावून सांगितला.

पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने राजधानी बल्लारशाहून येथे आणली, असे मानतात. परकोट पुढच्या राजांच्या काळात पुरा झाला. लोक गोष्ट सांगतात, की एक ससा उलट कुत्र्याच्याच मागे लागला. राजाला नवल वाटले आणि ज्या वाटेने ही धावाधाव झाली त्या वाटेने तट बांधला. गोष्ट ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "सशानं जागा दाखवली असन बापा, पन एवढे दगड कोनं वाहून आनले?" गवंडी, पाथरवट, चुना मळणारे, टोपली उचलणाऱ्या बाया. त्यांची नावे आम्हाला कुठल्याही पाटीवर दिसली नाहीत.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवली. आग्र्यात बादशहाने बेगमेसाठी ताजमहाल उभारला, इथे राणीने राजासाठी समाधी. पती गेल्यावर दत्तक रामशहा लहान असताना अठराव्या शतकाच्या आरंभी याच बाईने राज्यकारभार सांभाळला. मुलांच्या आईने थोरलीला जवळ घेऊन हे दोनदा सांगितले.

1751 साली नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतले, 1818 साली इंग्रजांनी किल्ला जिंकला. इथल्याच तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाके यांना फाशी झाली. 1964 साली चांद्याचे चंद्रपूर झाले. एवढा इतिहास घराजवळ असताना आमची मुले फक्त दिल्ली-आग्रा पाठ करतात.

तटाच्या कडेने चालताना मात्र मन दुभंगले. कुठे दगड निखळलेले, कुठे पिंपळाच्या मुळांनी भिंत फोडलेली. 2017 साली शहरातल्या इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी महिनोन् महिने श्रमदान करून तटावरची झाडे-झुडपे आणि कचरा काढला. आपल्या शहराचे दगड आपल्या हाताने साफ करणाऱ्या या तरुणांना आमचा जयभीम! पण त्याच तटाला पाठ लावून घरेही उभी आहेत. एका दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. ती आमच्यासारखीच, रोजीवर जगणारी. तट राहिला पाहिजे आणि तिच्या डोक्यावरचे छप्परही राहिले पाहिजे. हे दगड ज्यांनी वाहिले त्यांच्याच लेकरांना दगडांच्या नावाखाली रस्त्यावर आणले, तर ते कसले जतन? आधी दुसरे घर, मग हलवाहलव, एवढा साधा न्याय आम्हाला समजतो.

शेवटी परकोटाबाहेर दीक्षाभूमीवर गेलो. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. आत्याबाई तेव्हा दहा वर्षांच्या, बापाचे बोट धरून आल्या होत्या. "तवा हा किल्ला दिसला का, आजी?" धाकटीने विचारले. आत्याबाई म्हणाल्या, "नाही वं माय. मानसंच मानसं होती. मी बाबासायेबालेच पाहात होती." आणि मग त्या बराच वेळ गप्प बसून राहिल्या.

बंधू-भगिनींनो, यंदा ऑक्टोबरात चंद्रपूरला जाल तेव्हा अर्धा दिवस हाती ठेवा. जटपुऱ्यापासून सुरुवात करा, ऊन चढायच्या आत समाध्या पाहा, मग दीक्षाभूमीवर या. घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांना अवश्य सोबत न्या. पाटीवर नसलेले तेच सांगतील.