पुण्याचा हिशेब आणि कृपेचे दान

जुन्नरहून पश्चिमेकडे निघून घाटघर गाठले, की पठार संपते आणि कोकणात उतरणारी नाणेघाटाची प्राचीन वाट सुरू होते. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे आणि थोडे खाली सातवाहनकालीन लेणे. तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, प्रत्येक यज्ञाला किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, याची ती नोंद. एका अर्थाने तो दानाचा जमाखर्चच आहे.

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांतही हीच परंपरा दिसते. शिवनेरीच्या लेण्यांत चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचा उल्लेख आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. काही दात्यांनी तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांचे उत्पन्न धर्मकार्याला लावून दिले. दान आणि त्याचे फळ यांचा विचार या डोंगरांत दोन हजार वर्षे मुरलेला आहे.

नवस बोलणारा आणि तो फेडणारा मराठी माणूस हे सारे सहज समजू शकतो. म्हणूनच एक प्रश्न त्याला विशेष जवळचा वाटेल. श्रद्धा ठेवली, दान दिले, प्रार्थना केली, तर देव त्याची परतफेड करतो का? करत असेल तर ती स्वर्गात मिळते, की याच जन्मी पैसा, आरोग्य आणि यश यांच्या रूपाने? ख्रिस्ती धर्मात या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही.

प्रतिफळ आहे, पण मजुरी नाही

बायबलमध्ये प्रतिफळाची भाषा जागोजागी आहे, हे प्रथम मान्य करावे लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशू पृथ्वीवर नव्हे, तर स्वर्गात धन साठवण्यास सांगतो. मात्र त्याच प्रवचनात, लोकांना दिसावे म्हणून दानधर्म करणाऱ्याला त्याचे प्रतिफळ इथेच मिळून चुकले, असा इशाराही आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तर दिवसभर राबलेल्या आणि शेवटचा तासभर काम केलेल्या मजुरांना मालक सारखेच वेतन देतो. मजुरीच्या हिशेबाने पाहिले तर हा अन्याय वाटतो. मालक जे देतो ते कामाच्या मापाने नसून त्याच्या औदार्याने असते, हेच त्या दाखल्याला सुचवायचे आहे.

यातूनच 'कृपा' हा ख्रिस्ती विचाराचा मध्यवर्ती शब्द आला. पौलाच्या पत्रांनुसार तारण हे कर्माने कमावता येत नाही. ते विश्वासाने स्वीकारायचे दान आहे. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीविना विश्वास निर्जीव आहे, असे बजावलेले आहे. या दोहोंची सांगड कशी घालायची, यावर १५१७ नंतर युरोपातील चर्च दुभंगले. पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट मिळवण्याच्या प्रथेवर मार्टिन ल्यूथरने टीका केली, तीच त्या वादाची ठिणगी. जवळजवळ पाच शतकांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्याचा स्वीकार देव कृपेने करतो आणि सत्कृत्ये ही त्या स्वीकाराची किंमत नसून त्याचे फळ आहेत, असा त्याचा सारांश सांगता येईल.

समृद्धीचे आश्वासन

मग 'विश्वास ठेवा, दशमांश द्या, देव तुम्हाला भरभराट देईल' ही शिकवण कोठून आली? तिचे सध्याचे रूप प्रामुख्याने विसाव्या शतकातील अमेरिकेत घडले आणि पुढे दूरचित्रवाणीमार्गे जगभर पोहोचले. ही शिकवण मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातील दशमांशाच्या वचनाचा आधार घेते. ते वचन मंदिराच्या कोठारासंबंधी आहे आणि ते एका शेतकरी समाजाला उद्देशून सांगितलेले आहे. व्यक्तीच्या गुंतवणुकीचा तो परतावा नव्हे, असे टीकाकार दाखवून देतात. मार्काच्या शुभवर्तमानात, येशूसाठी घरदार सोडणाऱ्यास शंभरपट मिळेल असे आश्वासन आहे खरे. पण त्याच वाक्यात 'छळासह' असेही सांगितले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर विश्वासाने तलवारीपासून वाचलेले आणि विश्वास असूनही तलवारीने मारले गेलेले, अशा दोघांचाही गौरव एकाच अध्यायात आहे.

या शिकवणीतील खरा धोका पैशापेक्षा वेगळा आहे. भरभराट हे विश्वासाचे चिन्ह ठरले, की आजारी किंवा कर्जबाजारी माणसाला 'तुझाच विश्वास कमी पडला' असे सांगितले जाते. दुःखावर अपराधाचे ओझे चढते. इयोबाच्या कथेत त्याचे मित्र नेमके हेच करतात आणि अखेर देव त्या मित्रांनाच दोष देतो. २०१० मध्ये केपटाऊन येथे भरलेल्या लोझान चळवळीच्या जागतिक संमेलनाने या शिकवणीवर टीका केली. पोप फ्रान्सिस यांनीही तिच्याविरुद्ध वारंवार इशारा दिला होता.

महाराष्ट्रातील कसोटी

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पोथीतला राहिला नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मिशनऱ्यांनी अन्नछत्रे आणि अनाथालये चालवली, तेव्हा 'पोटासाठी धर्म बदलला' हा आरोप धर्मांतरितांवर झाला. भुकेल्याचा विश्वास खोटा आणि पोटभरल्याचा खरा, असे गृहीत धरणारा हा आरोपही तपासून पाहायला हवा. शिवाय उलट उदाहरणेही ठळक आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरी भरभराट नव्हे, तर घराची ताटातूट आली. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते दिवस नोंदवले आहेत. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करण्यास वाहून घेतले.

पुणे जिल्ह्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' संस्था उभारली. १८९६-९७ आणि त्यानंतरच्या दुष्काळांतून आलेल्या स्त्रिया व मुलींमुळे तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंचा भर प्रार्थनेवर आणि मिळेल त्या मदतीवर होता. मात्र तो केवळ प्रार्थनेवर थांबला नाही. शेती, विणकाम आणि छपाई यांसारखी कामे शिकवून स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता. आशीर्वाद येथे एकाच्या खात्यात न साचता अनेकांच्या ताटात उतरला.

आणि एक वास्तव आजही आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. म्हणजे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांसाठी ख्रिस्ती होणे हा लाभाचा नव्हे, तर कायदेशीर तोट्याचा मार्ग ठरतो. विश्वासाने ऐहिक समृद्धी मिळतेच, या दाव्याची यापेक्षा कठोर परीक्षा क्वचितच असेल.

मग प्रार्थनेत मागूच नये का? ख्रिस्ती परंपरा तसे म्हणत नाही. रोजची भाकर मागण्याचे शिक्षण येशूनेच शिष्यांना दिले. फरक एवढाच, की भाकर मागणे आणि देवाकडून कराराने माल वसूल करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत विश्वास आहे, दुसरीत व्यवहार.

नाणेघाटातील लेण्यात एकेकाळी सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. ज्याच्या तोंडून उच्चार झाला नाही, असे दान मात्र कोणत्याच भिंतीवर सापडत नाही. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, असे म्हणणाऱ्या धर्माला बहुधा तेच दान अभिप्रेत असावे. नागनिकेच्या लेखापुढे उभे राहिल्यावर मनात येणारा प्रश्न म्हणून साऱ्यांचा आहे: आपण देतो, ते परत मिळावे म्हणून, की आपल्याला मिळाले आहे म्हणून?