माहीत असणं आणि येणं : लँकेशायरची गिरणी-संग्रहालये कशी पाहावीत?

आज आपल्याला इंग्लंडच्या वायव्य भागात जायचंय. मँचेस्टर आणि त्याच्या आजूबाजूचा लँकेशायर, चेशायरचा पट्टा. एकोणिसाव्या शतकात जगभर सुती कापड पाठवणारा हा मुलूख. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथल्याच कारखान्यांत बनलेली. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव आपल्या गिरणी कामगारांनी लोखंडावर कोरलेलं पाहिलं होतं.

आज तिथल्या गिरण्या बंद आहेत. मोजक्या संग्रहालयं म्हणून उभ्या आहेत. लंडनला जाणारे आपले लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत. पण आपल्या विषयाच्या, म्हणजे ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने पाहिलं, तर ही छोटी संग्रहालयं फार महत्त्वाची आहेत. जी माणसं गेली, त्यांचं काम आपल्याला कितपत कळू शकतं, हा प्रश्न तिथे समोर येतो. त्याची उत्तरं आपण तीन पातळ्यांवर शोधू.

पहिली पातळी वस्तूची. हेल्मशोअरच्या गिरणी-संग्रहालयात सूतकताईची जुनी यंत्रं आहेत. हारग्रीव्ह्जच्या जेनीवर एकच माणूस एका वेळी अनेक चात्या फिरवू शकला. आर्कराइटने १७६९ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात रुळांमधून ओढून, पाण्याच्या शक्तीवर मजबूत सूत निघू लागलं. बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९च्या सुमारास या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. म्हणून त्या यंत्राचं नाव पडलं ‘म्यूल’, म्हणजे खेचर! दोन जातींचा संकर. यंत्रासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की हा सगळा कार्यकारणभाव उलगडतो. वस्तू एवढं नक्की सांगते. यंत्रापाशी कोण उभं होतं, हे मात्र ती सांगत नाही.

त्यासाठी दुसऱ्या पातळीवर यायला हवं, ती कागदाची. चेशायरमधल्या स्टायल गावात क्वॉरी बँक ही गिरणी आहे. सॅम्युएल ग्रेगने ती १७८४ साली सुरू केली. जवळच शिकाऊ मुलांचं घर आहे. अनाथ-गरिबांच्या आश्रमांतून आणलेली मुलं तिथे राहायची आणि गिरणीत राबायची. १८०६ साली थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही दोन मुलं तिथून पळाली आणि थेट लंडन गाठलं. थॉमसचं बोट यंत्रात गेलेलं होतं, त्याला आईला भेटायचं होतं. दोघांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं गेलं, त्यांचे जबाब लिहून घेतले गेले. म्हणून आज आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत. आता बघा, जी मुलं पळाली नाहीत, मुकाट काम करत राहिली, त्यांचं म्हणणं कोणी लिहून घेतलं? कागद बोलतो, पण बहुतेकदा सत्तेने प्रश्न विचारला तरच बोलतो. म्हणून दप्तर पाहताना आपण दोन गोष्टी विचाराव्यात: हे कोणी लिहिलं, आणि कशासाठी?

चित्रांनाही हेच लागू आहे. सॅलफर्डला ‘द लाउरी’ या कलाकेंद्रात एल. एस. लाउरी या चित्रकाराचं काम पाहायला मिळतं. गिरणीच्या धुराड्यांखालून चाललेली काडीसारखी बारीक माणसं. हा गृहस्थ १९५२ साली निवृत्त होईपर्यंत एका मालमत्ता कंपनीत नोकरीला होता, आणि भाडेवसुलीसाठी वस्त्यांमधून हिंडत असे. त्याची नजर आपुलकीची आहे, पण ती रस्त्यावरून बघणाऱ्याची आहे. साच्यावर उभ्या असलेल्या बाईला गर्दी अशी दिसत नव्हती.

मग तिसरी पातळी कोणती? इथे मराठी भाषाच आपल्या मदतीला येते. ‘मला पोहण्याबद्दल माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ यात आपण सहज फरक करतो. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली हाच भेद इंग्रजीत मोठ्या कष्टाने मांडला. माहीत असणं पुस्तकात ठेवता येतं. येणं मात्र हातात राहतं.

बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल पाहताना हे कळतं. तिथे तीनशेहून अधिक माग आणि ते चालवणारं ‘पीस’ नावाचं पाचशे अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आहे. मागांचा आवाज एवढा, की विणकर बाया ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलायच्या. कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यायच्या, आणि तोच धोटा पुढे दुसरीच्या तोंडाला लागायचा. ही सवय, तिच्यातला वेग आणि तिच्यातला धोका काचेच्या पेटीत कसा ठेवणार? चालू माग आणि तो चालवणारा माणूस असेल तरच त्याची थोडी कल्पना येते.

आणि नेमकं हेच सगळ्यात आधी जातं. २०१६ साली काउंटी कौन्सिलने खर्चकपातीसाठी हेल्मशोअर आणि क्वीन स्ट्रीट ही दोन्ही संग्रहालयं बंद केली. पुढे ती मर्यादित काळासाठी पुन्हा उघडली, हे खरं. पण इमारतीला कुलूप लावून दहा वर्षांनी उघडता येतं, यंत्रही पुन्हा साफ करता येतं. हातातली कला अशी कुलपात टिकत नाही. ती येणारा माणूस म्हातारा होतो.

क्वीन स्ट्रीट मिलचं उत्पादन थांबलं १९८२ साली. त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. कारणं अगदी वेगळी होती, दोन्हींची तुलना करू नये. पण एका बाबतीत आपण आणि बर्नलीकर सारखेच आहोत: त्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे.

तेव्हा लँकेशायरला गेलात तर माग चालू असण्याचा दिवस आधी विचारून जा, आणि चालवणाऱ्याशी बोला. जाणं जमलं नाही, तर लालबाग-परळच्या एखाद्या आजोबांना साच्यावरचं तुटलेलं सूत कसं जोडायचं ते विचारा. शब्दांत सांगता सांगता त्यांचे हात हलायला लागतील. तेव्हा हातांकडे बघा.