पन्नास वॉट कुणासाठी?

जयपूरच्या आग्नेयेला पसरलेला जगतपुरा म्हणजे फ्लॅट, वसतिगृहं आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची वस्ती. इथल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहिली इलेक्ट्रिक गिटार आली की अ‍ॅम्पची चौकशी हमखास एकाच प्रश्नाने सुरू होते: किती वॉटचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा.

याच जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट गिटारला तरफा जोडून घडवलेली मोहनवीणा वाजवतात. अमेरिकन गिटारवादक राय कूडरसोबतच्या त्यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. मोहनवीणेचं लाकूड स्वतः बोलतं. इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड जवळजवळ मुकंच, तिचा आवाज घडतो स्पीकरमध्ये. त्यामुळे अ‍ॅम्प निवडणं हे अर्धं वाद्य निवडणंच आहे.

घरच्या होम थिएटरला गिटार जोडून भागवणारे पुष्कळ. तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपचा सिग्नल नाजूक, त्याला दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. होम थिएटरचं इनपुट त्यामानाने फारच कमी, त्यामुळे वरचे सूर बोथट होतात. डिस्टॉर्शन लावलं तर उलटंच होतं. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. होम थिएटर ते गाळत नाही, आणि कानात नुसती चरचर शिरते.

आता वॉट. ते दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. १२ इंची चांगला स्पीकर एका वॉटवर, मीटरभर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल देतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. मधल्या भिंतीने आवाज बराच अडवला तरी एक वॉट शेजाऱ्याची झोप मोडायला पुरतो.

मग एवढाले अ‍ॅम्प जन्मले कशाला? व्हॉक्सचा एसी३० आणि त्यामागून आलेला लंडनच्या जिम मार्शलचा अ‍ॅम्प ज्या काळात घडले, तेव्हा गिटारचा आवाज सभागृहभर पोचवणं हे अ‍ॅम्पलाच करावं लागे. शिवाय अशा अ‍ॅम्पमधल्या काचेच्या ट्यूब (व्हॉल्व्ह) पूर्ण ताणल्या की आवाजाला जी गोड खरखर येते, ती हळू वाजवून मिळत नाही. आज मंचावर अ‍ॅम्पसमोर माइक असतो, त्यामुळे ते ओझं एकट्या अ‍ॅम्पवर उरलेलं नाही. आणि मोठ्या आवाजाला जागाही कमी होत चालली आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी त्या खुल्या मंचावरच्या अशा मैफली थांबवल्या. शहरात दाटी वाढली की मोठ्या आवाजाची जागा आधी आकसते.

म्हणून फ्लॅटसाठी माझी पसंती ८ ते १२ इंची स्पीकरचा, हेडफोनची सोय असलेला मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा. बॉसच्या कटाना-५० वर अर्ध्या वॉटची पायरी आहे, ती खरी कामाची. खेळण्यातल्या तीन इंची स्पीकरवर खालच्या ‘ई’ तारेचा ८२ हर्ट्झचा पाया उमटतच नाही. ट्यूबचाच हट्ट असेल तर एकूण आवाज वेगळा कमी करणारं मास्टर व्हॉल्यूमचं बटण बघूनच घ्यावा.

दुकानात आपली गिटार न्यावी, गेन शून्यावर आणि टोनची बटणं मध्यावर ठेवावीत, आणि घरी वाजवणार तेवढ्याच आवाजात वाजवावं. मग हात थांबवून गुणगुण ऐकावी. घरी ती अचानक वाढली तर आधी इन्व्हर्टर तपासावा, स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प भुणभुणतो. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावला तर जळतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि गुणगुण घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं तर साफ नकार द्यावा. १९७२ साली स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. फ्लॅटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्यावं, अ‍ॅम्प घरी येण्याच्या आधी.